गोदावरीची पात

चर्चचे जागेश्वर पाळक घरी परतताना छत्री टेकत टेकत शेताच्या कडेच्या धुऱ्यावर आले, तेव्हा सुलोचनाबाई चिखलात वाकून धानाची रोवणी करत होती. पाळकांनी तिच्याकडे पाहिलं, चष्मा काढून धोतराला पुसला आणि पुन्हा पाहिलं. आणीबाणीच्या साली केलेला तो चष्मा. तेव्हापासून नंबर वाढत गेला आणि चष्मा तोच राहिला.

"सुलोचना, तूच आहेस काय?"

"मीच आहो, जी. प्रभुभोजनाचा रविवार हुकला, मले माहीत आहे. रागावू नका."

पाळक रागावले नव्हते. त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"मंग घरी तुह्या खाटेवर कोण झोपली आहे?"

"गोदावरी. परवापासून तापानं फणफणून राहिली. तिचं छप्पर गळते, म्हणून माह्या घरी आणली. तिची पात आज मीच धरली."

पाळक मटकन खाली बसले, ओल्या धुऱ्यावर, पांढऱ्या धोतरासकट.

आसगावच्या रोवणीच्या टोळीत प्रत्येक बाईची एक पात, रोपं लावायची पट्टी, ठरलेली असे. पात रिकामी राहिली की तिथे दुसरी बाई यायची आणि उरलेल्या हंगामाचं काम हातचं जायचं. रविवारी सुलोचनाबाई चर्चला जायची, तेव्हा तिची पात शेजारची गोदावरीबाई धरायची. दोन पाती एकटीनं ओढायची आणि वर कुरकुरायची, "तुह्या देवाले रोवणीच्या दिवसातबी रविवारच पाहिजे काय?" स्वतः मात्र तिनं चर्चची पायरी कधी चढली नाही. तिचे देव तिच्या घरी होते आणि त्यांच्यात तिचं छान चाललं होतं.

सुलोचनाबाईला त्याचाच घोर होता. दर हंगामाला ती पाळकांना विचारायची, "गोदावरी सर्गात येईन ना, जी?" पाळक मनाचे लोण्याहून मऊ, पण या एका बाबतीत हलायचे नाहीत. माणूस विश्वासानं तरतो, कर्मांनी नाही, असं सांगायचे. त्या दिवशी सुलोचनाबाईला जेवण गोड लागायचं नाही. गोदावरीवाचूनचा स्वर्ग तिला फारसा नकोच होता, पण हे पाळकांना कसं सांगणार.

"झालं तरी काय?" तिनं आता विचारलं.

"तू चर्चमध्ये दिसली नाहीस. मले वाटलं, खाटेला खिळल्याशिवाय ही बाई प्रभुभोजन चुकवत नाही. म्हणून भाकर अन् प्याला घेऊन तुह्या घरी गेलो. खाटेवर बाई, तोंडावर गोधडी. मी प्रार्थना केली अन्..."

"अन्?"

"दिलं."

बाजूच्या बायकांचे हात थांबले. सुलोचनाबाईच्या हातातली पऱ्ह्यांची, कोवळ्या रोपांची, जुडी हातातच राहिली.

"खाल्लं तिनं?"

"खाल्लं."

"पोटात टिकलं काय? दोन दिवसांपासून पेजबी टिकत नाही तिच्या पोटात."

"मले काय माहीत?" पाळक वैतागले. "अवं, बाप्तिस्मा नाही, काही नाही, अन् मी माह्या हातानं तिले प्रभूचं भोजन चारलं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नाही. अन् आजच सकाळी उभा राहून सांगितलं का कर्मांनी कोणी तरत नाही."

"विचारलं नाही तुमी तिले? आमाले तं दरखेपी विचारता."

"विचारलं ना. विश्वास आहे काय, म्हणून विचारलं." पाळक घुटमळले. "तं गोधडीतून म्हणते, आहे, सुलोचनावर. मले वाटलं, तापात बरळून राहिली."

एक बाई फिस्सकन हसली. सुलोचनाबाई हसली नाही. तिचे डोळे भरून आले होते आणि दोन्ही हात चिखलाचे होते. तिनं दंडानंच डोळे पुसले. तरी थोडा चिखल गालाला लागलाच.

"अन् माह्या वाटचं, जी?"

"एकाच माणसाचं आणलं होतं."

"मंग झालं. माह्या वाटची पात थे करते, माह्या वाटचं आज तिनंच खाल्लं." ती धुऱ्याजवळ सरकली आणि हळू आवाजात म्हणाली, "पाळकसाहेब, आता तं येईन ना थे?"

नेहमीचं उत्तर पाळकांच्या ओठावर आलं. सकाळीच ते त्यांनी साऱ्या मंडळीला सांगितलं होतं आणि अजूनही त्यांना ते खरंच वाटत होतं. पण ते गिळून त्यांनी छत्रीच्या टोकानं समोरच्या पाण्यानं भरलेल्या बांधीकडे दाखवलं. सुलोचनाबाईनं सकाळपासून लावलेले पऱ्हे पाण्यात थरथरत होते.

"यातली तुही पात कोणती?"

"ही, धुऱ्याकडची."

"अन् तिची?"

"थे, तिच्या बाजूची."

पाळकांनी चष्मा काढला, पुसला, नाकावर नीट बसवला. मान पुढे काढून त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"मले तं बाई," ते म्हणाले, "एकच दिसून राहिली."