मागच्या अंगणाचं शुद्धीकरण

आमच्या घाटकोपरच्या सोसायटीमागच्या मातीत किरणोत्सारी सीझियम सापडलं. तिथे पूर्वी भंगाराचं गोदाम होतं, त्याचाच हा प्रसाद. मी मातीवर संशोधन करते, म्हणून सभेत मला उभं केलं.

बालवाडीला सांगावं तसं मी सांगितलं, "ही माती उचलून नेणारच आहेत, तोवर घाबरायचं कारण नाही. चिकणमातीने सीझियम धरून ठेवलंय, आणि वर्षं जातात तशी ती पकड घट्टच होते. फक्त अमोनिया असलेलं काही ओतू नका. खत नको, मूत्र नको. अमोनिया सीझियमला ढकलून त्याची जागा घेतो, आणि सुटलेलं सीझियम झाडं पितात."

"झकास समजावलंस गं!" चेअरमन मार्तंडकाकांनी टाळ्या वाजवल्या. आणि रविवारी आरेच्या गोठ्यातून गोमूत्राचे कॅन मागवले, भटजी बोलावले आणि अख्ख्या अंगणावर शिंपडून घेतलं.

मी धावत खाली गेले. "काका, मूत्र नको म्हटलं होतं ना?"

"अगं, ते मूत्र. हे गोमूत्र!"

तपासणीसाठी मी तिथे पालक लावला होता. आधीच्या पानांत सीझियम नावालाच होतं. नंतरच्या पानांत कितीतरी पटींनी वाढलं. रिपोर्ट मी काकांसमोर आपटला. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला आणि गंभीरपणे चष्मा काढला.


"बघितलंस, किती विटाळ मुरलाय? कॅनने काय होणार! मी टँकर सांगितलाय."