फ्योर्डची रंगीत तालीम

नॉर्वेत फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या, काठी उंच कड्यावर महायुद्धातली तोफ आहे. येत्या बोटीच्या सहलीत तिला हात लावायचाच, असं इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका नंदाताईंनी ठरवलं होतं. “तुझे गुडघे कुरकुरतात. तू बोटीत बसून सामान सांभाळ,” निशिकांतराव म्हणाले. बायको ऐकेना, तेव्हा त्यांनीच अट घातली: “रविवारी इथली, सिंगापूरची बुकित तिमाची टेकडी चढू. आधी पोचेल तोच तोफेपाशी जाईल.” रविवारी निशिकांतराव थर्मल, जाकीट, कानटोपी असा नॉर्वेचा सगळा साज चढवून आले. एवढी महागडी खरेदी आधी वापरून बघायला नको? सिंगापूरच्या उकाड्यात निम्म्या वाटेतच त्यांचा उकडलेला बटाटा झाला. साध्या पंजाबी ड्रेसमधल्या नंदाताई एव्हाना माथ्यावर पोचल्या होत्या. पायरीवर बसकण मारून निशिकांतरावांनी फोन लावला: “जिंकलीस, बाई. मी सामान सांभाळतो.” “अहो, सामानाचं राहू द्या, उठा बघू आधी! तोफेपाशी माझा फोटो कोण काढणार?”