पंप धुताना

लालसिंगनं पंप भरला, झाकण घट्ट आवळलं आणि पाठीवर घेतला. पंपात तणनाशक होतं. समोर दौलतरावची तूर ऐन फुलावर होती. चार फेऱ्या मारल्या की आठ दिवसांत तिच्या नुसत्या काड्या होणार होत्या. लालसिंगला तेच हवं होतं.

त्याच्या स्वतःच्या तुरीचं तेच झालं होतं. दोन्ही शेतांमधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोघांचं भांडण झालं, दौलतराव "पाह्यतो तुले" म्हणून निघून गेला, आणि पंधरा दिवसांत लालसिंगची तूर धुऱ्याच्या बाजूनं पिवळी पडत गेली. रोग काही असा सरळ रेघेत येत नाही. पुढं दौलतराव मोटरसायकलवरून पडला, मांडीचं हाड मोडलं, खाटेला खिळला. तरी लालसिंगचं पोट भरलं नाही. हाड जुळून येतं, जळालेली तूर येत नाही.

आज रविवार. रिसोडच्या प्रार्थनेत आज त्याची साक्ष होती. येशूनं आपल्याला नवा माणूस कसा केला, ते चार लोकांपुढं उभं राहून सांगायचं होतं. दीड वर्षापूर्वी नदीत बाप्तिस्मा घेतला तेव्हापासून त्यानं दारू शिवली नव्हती, कोणावर हात उचलला नव्हता. तांड्यावरचे लोक हसायचे, लालसिंगची गाय झाली म्हणायचे. आज या गायीची शिंगं दिसतील, असं म्हणत तो धुरा ओलांडून तुरीत शिरला. देवाला काय सांगायचं ते पुढच्या रविवारी सांगू.

तुरीतून दौलतरावची बायको, म्हातारी तुळसाबाई, उठून उभी राहिली. हातात डबा होता आणि डब्यात अळ्या. एकेक अळी ती हातानं वेचत होती. लालसिंगला पाहून ती आधी घाबरली. मग पाठीवरचा पंप पाहून तिचे डोळे भरून आले.

"फवाराले आला का रे बावा? हे खाटेवर, मले पंप उचलत नाही, अन् कोणी येऊन नाही राह्यलं. लोक म्हनत, लालसिंग बदलला. मले खरं वाटे नाही."

तिनं पिशवीतून अळीच्या औषधाची बाटली काढली आणि त्याच्यापुढं धरली.

लालसिंगचा हात नळीवर होता. दाबायचीच खोटी होती. म्हातारीनं वर आशीर्वाद दिला असता. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की दारू पिऊन नालीत पडल्यावरही तेवढी कधी वाटली नव्हती. तो मागं वळला, अख्खा पंप त्या भांडणाच्या धुऱ्यावर ओतला आणि पाण्याच्या पाइपाजवळ जाऊन बसला.

तणनाशकाचा पंप नुसता विसळून भागत नाही. थेंबभर राहिलं तरी पीक होरपळतं. त्यानं धुण्याचा सोडा लावून पंप धुतला, नळी धुतली, पुन्हा सगळं धुतलं. तिसऱ्यांदा पाणी भरलं तेव्हा तुळसाबाई शेजारी उभी होती.

तो मान खाली घालूनच बोलला.

"काकू, मी फवाराले नव्हतो आलो. तुमची तूर जाळाले आलो होतो."

 तुळसाबाई खाली बसली आणि तिनं त्याच्या हातातून पंप ओढून घेतला.

"दे इकडं. तुही तूर जाळून आमचे हे घरी आले, त्या दिवशी त्यायचा पंप म्याच धुतला होता."