तिसरा आग्रह

आयर्लंडमधल्या कॉर्क शहराच्या बाजारात मी परदेशी पाहुण्यांना पायी फिरवत इथले पदार्थ खाऊ घालते. आज शेवटच्या दुकानापाशी फिनबारकाका उभे होते. बायको गेल्यापासून त्यांच्या घरी चूल पेटत नाही. माझ्याकडे माशाच्या गरम सूपचा एकच वाडगा उरला होता.

“घ्या ना, काका.”

“छे गं पोरी, आत्ताच जेवलो. पोट बघ केवढं सुटलंय!”

“थोडंसं तरी?”

“नको, नको. उगाच कशाला!”

आमच्याकडे दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं, अशी रीत आहे. मी तिसऱ्यांदा विचारणार, तोच एका डच पाहुण्याने वाडगा उचलला. “त्यांना नकोय ना? मग मी संपवतो.”



जेवणाआधीच्या प्रार्थनेसाठी काढलेली टोपी काकांनी हळूच परत डोक्यावर ठेवली.