चिडीचूप

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा तिने नोकरी सोडली. आता ते काठी टेकत पलंगाभोवती चालायला लागले होते, आणि पुन्हा आयटीतली नोकरी हवी तर क्लाउड कम्प्युटिंगची परीक्षा पास होणं भाग होतं. त्यांना भरवता भरवता तिने अभ्यास केला.

"ढगांची परीक्षा? वेधशाळेत लागणार की काय?" बाबा चिडवायचे.

परीक्षा घरूनच, पण कॅमेऱ्यासमोर. खुर्चीवरून उठलं किंवा दुसऱ्या कुणाचा आवाज आला, की परीक्षा तिथल्या तिथे रद्द. मागच्या खेपेला तसंच झालं. बाबांनी शेजारच्या खोलीतून पाण्यासाठी हाक मारली होती. त्या दिवशी ती त्यांना नको नको ते बोलली.

या वेळी बाबाच म्हणाले, "जा पोरी, निर्धास्त बस. आज आभाळ कोसळलं तरी मी तोंडातून चकार शब्द काढणार नाही."

परीक्षा निम्मी झाली असेल, तेवढ्यात पलीकडे काहीतरी धपकन पडलं. तिने श्वास रोखून कान दिला. हाक आली नाही. काठी पडली असेल, अशी मनाची समजूत घालून तिने पुढचा प्रश्न उघडला.

पडद्यावर 'उत्तीर्ण' उमटलं तशी ती धावतच सुटली. "बाबा, पास झाले!"

बाबा फरशीवर पडले होते. पाय मांडीपासून वाकडा झालेला, चेहरा पांढराफटक, आणि दातांत गच्च धरलेला चादरीचा बोळा.



तिने तो ओढून काढला, तेव्हा कण्हायच्या आधी त्यांनी विचारलं, "कॅमेरा बंद केलास ना?"