नऊ नंबरची बाही

कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉलमध्ये म्हैसूरने मंगळूरुला चार वर्षांत हरवलं नव्हतं. आज अंतिम सामना बरोबरीत होता. पाच मिनिटं उरली असताना मंगळूरुच्या नऊ नंबरवालीची बाही खांद्यापासून फाटली. दुसरी जर्सी नव्हती, फाटकी जर्सी घालून पंच खेळू देईनात. म्हैसूरची कर्णधार विद्याश्री तिला प्रेक्षकांत बसलेल्या आपल्या बापाकडे घेऊन आली. नागेंद्र शिंपी होता, सुईदोरा खिशातच असायचा. “अप्पा, शिवून द्या, बेग बेग, लवकर. ती नसताना जिंकलो तर वर्षभर तेच ऐकवतील,” म्हणत ती मैदानात पळाली. सावकाश शिवलं असतं तर सामना संपला असता. नागेंद्रने भराभर टाके घातले. शेवटच्या मिनिटाला त्याच मुलीने गोल केला. परतताना तो म्हणाला, “हळू शिवता आलं असतं गे.” “माहीत आहे,” विद्याश्री म्हणाली. घराजवळचा लष्कर मोहल्ला येईपर्यंत तिने त्याचा हात सोडला नाही.