पेटी किती खाते

“बल्ब लावून दाखवतो, आजी,” बॅटरीची पेटी टेबलावर ठेवत दुकानदार म्हणाला. “दहा तास जळेल.”

“बल्ब काय श्वास घेतो? माझं मशीन लाव.”

दुकानदाराने आजीच्या मुलाकडे पाहिलं. मुलाने खांदे उडवले. मग दुकानदाराने ऑक्सिजनच्या मशीनची वायर भिंतीतून काढून पेटीत घातली. मशीन पर्सएवढं, पण त्याची स्वतःची बॅटरी केव्हाच मेलेली. पेटीवर आकडा होता सहाशेचा, आणि मशीन तासाला साठ खायचं. म्हणजे दहा तास. आजीची शाळा चौथीत सुटली असली तरी भागाकार तिसरीतच झाला होता.

नळी नाकात अडकवून ती घड्याळासमोर बसली. सहा तास पन्नास मिनिटांनी पेटीने ‘पीं’ केलं आणि मान टाकली. सुनेने घाईघाईने वायर परत भिंतीत घातली.

आजीने दुकानदाराला फोन लावला. “बाकीचे तीन तास कुणी खाल्ले रे?”

“थोडं इकडेतिकडे होतंच, आजी.”

“हे थोडं? असा वाढणारा असेल तर जेवणारे उपाशीच उठायचे.”

दुसऱ्या दिवशी तिने पेटी पुरती भरली, काहीही न जोडता नुसतं बटण चालू ठेवलं. सकाळी आठला शंभर टक्के होते, संध्याकाळी सहाला ऐंशी. हात लावला तर पेटी कोमट. आत बारीक पंखा घूं घूं करत होता.

“नुसतं जागं राहायलाही हिला खायला लागतं,” ती सुनेला म्हणाली. “तुझ्या नवऱ्यासारखं. सुट्टीच्या दिवशी सोफ्यावर लोळतो आणि चारदा जेवतो.”

सून हसली. नवरा दारात दिसला तशी गप्प झाली.

“आई, पुरे आता,” तो म्हणाला. “आपल्याकडे लाईट दोन तासांच्या वर कधी गेलीय का? आहे ते चिक्कार झालं.”

“मला आठ तास हवेत.”

“कशाला?”

“वादळात तार तुटली तर काय तुझ्या फुंकरीवर जगू?”

त्याचं आईवर लक्ष असायचं. नळी कुठवर पोचते, ती उठली का, कुणाशी बोलली, सगळं त्याला माहीत असायचं.

तिसऱ्या दिवशी दुकानदार पेटी परत न्यायच्या तयारीनेच आला. आजीने मशीनच्या खोक्यातून एक जाडसर वायर काढली. ती कधी कुणी वापरलीच नव्हती.

“हे टोक पेटीच्या या गोल भोकात जातं ना?”

“जातं, पण ते गाडीत लावायचं असतं.”

“भोकाला काय कळतं, गाडी आहे की घर? लाव.”

त्याने लावलं. मशीन सुरू झालं. पंखा वाजला नाही, पेटी गारच राहिली. दुकानदाराने डोकं खाजवलं. “खरंय, आजी. भिंतीतल्यासारखी वीज बनवायलाच ती एवढं खाते. इथून थेट जाते.”

संध्याकाळी त्यानेच फोन केला. “किती झाले?”

“आठ तास पस्तीस मिनिटं. आता गिऱ्हाइकाला दहा सांगत फिरू नकोस.”

मुलाने ऑफिसात सगळ्यांना कौतुकाने सांगितलं, की आमच्या आईने दुकानदाराला शाळा शिकवली.

सोमवारी संध्याकाळी तो घरी आला तेव्हा सून दारातच उभी होती. “मी आत्ताच कामावरून आले. आई नाहीत.”

खाट आवरलेली होती. मशीन नव्हतं, पेटी नव्हती, बाजाराची चाकांची पिशवीही नव्हती. तो जिन्याखाली जाऊन आला, शेजारी विचारून आला. नळीशिवाय आई पाऊण तासही काढू शकत नाही, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं. तो हॉस्पिटलचा नंबर शोधू लागला.

तेवढ्यात फोन वाजला. नंबर धाकट्या बहिणीचा होता, बसने आठ तासांवर राहणाऱ्या. चार वर्षं त्याने तो उचलला नव्हता आणि आईलाही उचलू दिला नव्हता. आता उचलला. पलीकडून आधी मशीनची फुसफुस ऐकू आली, मग आईचा आवाज.

“शोधत बसू नकोस. पोचले मी. पेटीत अजून सहा टक्के आहेत.”